हायनर ब्रांड: खेळाडू म्हणून जगज्जेता, प्रशिक्षक म्हणूनही जगज्जेता, हे नेमके घडले कसे?

पुरुषांची जागतिक हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा जानेवारी २०२७ मध्ये पुन्हा एकदा जर्मनीत भरणार आहे. जर्मनीत या स्पर्धेचा विषय निघाला की २००७ सालचे एक छायाचित्र हमखास पुढे येते. त्यात कोलोनच्या क्रीडागृहात नुकतेच जगज्जेते झालेले जर्मन खेळाडू डोक्यावर कागदी मुकुट आणि ओठांवर खोट्या झुपकेदार मिशा लावून उभे आहेत. त्या मिशा त्यांच्या प्रशिक्षकाच्या होत्या, म्हणजे त्याच्या मिशांची ती प्रेमळ नक्कल होती. हायनर ब्रांड हे त्याचे नाव. १९७८ मध्ये खेळाडू म्हणून आणि २००७ मध्ये प्रशिक्षक म्हणून जागतिक विजेतेपद मिळवणारा तो हँडबॉलमधील पहिला माणूस ठरला.

फुटबॉलमध्ये असा दुहेरी मान मारिओ झागालो, फ्रांझ बेकेनबाउर आणि दिदिए देशाँ या तिघांनाच मिळालेला आहे, आणि ते तिघेही आपल्याकडे बऱ्यापैकी परिचित आहेत. ब्रांडचे नाव मात्र मराठी वाचकाने क्वचितच ऐकलेले असते. हँडबॉल आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये खेळला जातो, आणि २०२३ मध्ये जयपूरला झालेली पहिली प्रीमियर हँडबॉल लीग ‘महाराष्ट्र आयर्नमेन’ या संघाने जिंकली तेव्हा त्याच्या थोड्याफार बातम्याही आल्या; पण या खेळात प्रशिक्षक नेमके काय करतो आणि खेळाडूचा प्रशिक्षक होताना त्याच्याबरोबर कोणते ज्ञान येते, हे सहसा कुणी उलगडून सांगत नाही. ब्रांडची कारकीर्द हे समजून घेण्यासाठी फार सोयीची आहे, कारण तो गोलांचा पाऊस पाडणारा खेळाडू कधीच नव्हता.

आधी खेळ समजून घेऊ

हँडबॉलचे मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सात खेळाडू एका वेळी मैदानात असतात आणि सामना प्रत्येकी ३० मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जातो. गोलची चौकट ३ मीटर रुंद व २ मीटर उंच असते. तिच्यापासून ६ मीटर अंतरावर एक वक्ररेषा आखलेली असते, आणि त्या रेषेच्या आतल्या जमिनीवर गोलरक्षकाखेरीज कोणालाही पाय टेकवता येत नाही. मात्र रेषेबाहेरून उडी मारून, हवेत असतानाच चेंडू फेकण्याची मुभा असते, आणि या खेळातील सगळी नेत्रदीपक दृश्ये या एका सवलतीतून जन्माला येतात.

चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा जास्त पावले टाकता येत नाहीत आणि तो तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरूनही ठेवता येत नाही. बचाव करणाऱ्याला स्वतःच्या छातीने आणि धडाने वाट अडवता येते; ढकलणे, ओढणे किंवा हातावर फटका मारणे मात्र निषिद्ध आहे. असा अपराध गंभीर असेल तर खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. गोल होण्याची स्पष्ट संधी नियमबाह्य रीतीने हिरावली गेली, तर ७ मीटरवरून थेट गोलरक्षकासमोर फेक मिळते.

या नियमांतून निघणारे एक गणित पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया आहे. गोल झाला की चेंडू आपोआप समोरच्या संघाकडे जातो, त्यामुळे दोन्ही संघांच्या वाट्याला आक्रमणाच्या जवळपास सारख्याच संधी येतात. सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासेक गोल सहज होतात. अशा खेळात समोरच्याचे एक आक्रमण निष्फळ ठरवणे आणि आपण एक गोल करणे यांचे मोल नेमके सारखे असते. धावफलकावर मात्र फक्त गोल दिसतात; अडवलेले आक्रमण कोणाच्याही नावावर लिहिले जात नाही. (गोलरक्षकाने अडवलेल्या फेकींची नोंद होते, पण समोरच्याला फेकण्याची धड संधीच मिळू न देणारा बचावपटू आकडेवारीत जवळपास अदृश्य असतो.)

भिंत म्हणजे काय, आणि तिच्यात घुसणारा पिव्हट कोण?

बचाव करणारे सहाही खेळाडू जेव्हा ६ मीटरच्या रेषेला लागून ओळीत उभे राहतात, तेव्हा त्या रचनेला ‘सहा-शून्य’ म्हणतात. एक खेळाडू पुढे जाऊन आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्याला सतावू लागला की तीच रचना ‘पाच-एक’ होते. नावे सोपी असली तरी काम अवघड आहे. समोरचा उंचापुरा खेळाडू धावत येऊन उडी घेण्याच्या बेतात असताना भिंतीतील एकाने बाहेर पडून त्याला भिडावे लागते, आणि तो बाहेर पडताच त्याच्या दोन्ही बाजूंच्या सहकाऱ्यांनी त्याची मोकळी झालेली जागा बुजवावी लागते. कबड्डी पाहणाऱ्याला हे लगेच उमजेल: कोपरारक्षक चढाईपटूच्या पायावर झेपावतो त्याच क्षणी बाकीच्या साखळीने वळून मध्यरेषेकडची वाट बंद केली नाही, तर ती पकड फुकट जाते. चुकीच्या क्षणी पुढे झेपावलेला शूर खेळाडू भिंतीत जागच्या जागी उभ्या राहिलेल्या भित्र्या खेळाडूपेक्षा अधिक नुकसान करतो.

आता या भिंतीच्या मधोमध विरुद्ध संघाचा एक माणूस गोलकडे पाठ करून उभा आहे अशी कल्पना करा. तो पिव्हट. बचावपटूंच्या गर्दीत शरीराने जागा अडवून ठेवायची, सहकाऱ्याला फेकीसाठी फट मिळावी म्हणून कुणाची तरी वाट रोखायची, आणि चेंडू मिळालाच तर अंगावर दोन माणसे लोंबकळत असताना वळून गोल करायचा, हे त्याचे काम. त्याला मार खूप बसतो आणि टाळ्या कमी मिळतात.

ब्रांड आक्रमणात पिव्हट होता आणि बचावात भिंतीचा मधला खांब. पश्चिम जर्मनीसाठी १३१ सामन्यांत त्याने २३१ गोल केले, म्हणजे सामन्यामागे दोनहून कमी. त्याचाच सहकारी योआखिम डेकार्म याने १०४ सामन्यांत ३८१ गोल केले होते. त्या काळातील प्रेक्षकाला ‘या दोघांतला मोठा खेळाडू कोण?’ असे विचारले असते तर उत्तर डेकार्मच आले असते, आणि ते चूकही नव्हते. पण दोन्ही बाजूंच्या भिंतीत उभे राहून ज्याने खेळ पाहिला, त्याला फट कशी पडते आणि कशी बुजते याचे ज्ञान इतरांपेक्षा जास्त होते. माझ्या मते ब्रांडच्या पुढच्या सगळ्या यशाचे मूळ इथे सापडते.

गुमर्सबाख: लहान गाव, मोठा संघ

ब्रांडचा जन्म २६ जुलै १९५२ रोजी गुमर्सबाख येथे झाला. कोलोनच्या पूर्वेला डोंगराळ भागात वसलेले, आजही पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव आहे. जर्मनीत हँडबॉलचे मोठे संघ महानगरांपेक्षा अशा मध्यम आणि लहान गावांत रुजले, आणि ‘फाउएफएल गुमर्सबाख’ हा संघ एके काळी त्या सर्वांचा शिरोमणी होता. १९६६ ते १९९१ या काळात त्याने राष्ट्रीय विजेतेपदे आणि युरोपीय चषक यांची रीघ लावली. एकूण १२ राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत.

ब्रांडचे थोरले भाऊही याच संघातून खेळले. तो स्वतः खेळाडू म्हणून दुसऱ्या कोणत्याही संघाकडे गेला नाही. त्या काळी हँडबॉलवर पोट भरत नसे. खेळाडू शिक्षण किंवा नोकरी सांभाळून खेळत. ब्रांडनेही व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे गुमर्सबाखमध्ये त्याचा विमा व्यवसाय होता.

१९७८: श्टेंझेलच्या हाताखाली

पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे तेव्हा व्लाडो श्टेंझेल या युगोस्लाव प्रशिक्षकाकडे होती. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये, म्हणजे हँडबॉल सभागृहात खेळला गेलेल्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, त्याने युगोस्लाव्हियाला सुवर्णपदक मिळवून दिले होते. जर्मनीत आल्यावर त्याने तरुण खेळाडूंचा नवा संघ बांधला. ५ फेब्रुवारी १९७८ रोजी कोपनहेगन येथील अंतिम सामन्यात या संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला २० विरुद्ध १९ असे हरवले. त्या सामन्याची लोकांना आठवण आहे ती डीटर वाल्टके या राखीव खेळाडूची. उत्तरार्धात मैदानात उतरून त्याने थोड्याच वेळात एकापाठोपाठ तीन गोल केले आणि सामना फिरवला.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्या सामन्यातून शिकण्यासारखी गोष्ट हीच होती. हँडबॉलमध्ये खेळाडू बदलण्यावर मर्यादा नसते. चेंडू चालू असतानाही, पंचांना न विचारता, बाकावरचा खेळाडू आत आणि मैदानातला बाहेर असे कितीही वेळा करता येते. त्यामुळे बाकावर बसलेल्या माणसाला नेमक्या कोणत्या मिनिटाला उठवायचे, हा प्रशिक्षकाच्या हातातील सर्वांत मोठा निर्णय असतो. ब्रांड त्या दिवशी जिंकणाऱ्या संघात होता आणि हा निर्णय घेणारा माणूस काही हातांवर उभा होता.

टाटाबान्या

पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९७९ रोजी, हंगेरीतील टाटाबान्या येथे युरोपीय चषकाच्या उपांत्य सामन्यात गुमर्सबाखकडून खेळणारा डेकार्म प्रतिस्पर्ध्यावर आदळून कोसळला. त्या सभागृहाच्या काँक्रीटच्या जमिनीवर केवळ पातळ आवरण होते. डोक्याला झालेल्या दुखापतीने तो १३१ दिवस बेशुद्धावस्थेत होता. तेव्हा त्याचे वय होते २५. त्याचा खेळ तिथेच संपला आणि बोलण्या-चालण्यापासून सगळे त्याला नव्याने शिकावे लागले. १९७८ च्या संघातील सहकाऱ्यांनी त्याची साथ सोडली नाही, आणि त्यांत ब्रांड पुढे होता. या प्रसंगाचा डावपेचांशी थेट संबंध जोडता येत नाही; पण ब्रांडची गोष्ट सांगताना तो गाळला, तर या पिढीला एकमेकांशी बांधणारा धागाच हातातून सुटेल.

त्यानंतर १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार टाकला. जगज्जेत्या पिढीची ऑलिंपिक सुवर्णाची संधी हुकली, आणि त्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते पूर्व जर्मनीने.

प्रशिक्षकपदाची पायरी

जर्मनीत नावाजलेला खेळाडू निवृत्त झाला म्हणून त्याला लगेच मोठा संघ दिला जात नाही. हँडबॉल महासंघाचे प्रशिक्षकांसाठी क, ब आणि अ असे चढत्या क्रमाचे परवाने असतात. ब्रांड आधी राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला, मग गुमर्सबाखचा मुख्य प्रशिक्षक. त्याच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९८८ आणि १९९१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. यांपैकी दुसरे विजेतेपद गुमर्सबाखचे आजवरचे शेवटचे ठरले. वालाउ-मासेनहाइम या दुसऱ्या संघाचेही त्याने काही काळ प्रशिक्षण केले.

१९९७ च्या सुरुवातीला त्याच्याकडे राष्ट्रीय संघ आला, तो अतिशय वाईट अवस्थेत. त्या वर्षी जपानमध्ये होणाऱ्या जागतिक स्पर्धेसाठी एकत्रित जर्मनी पात्रसुद्धा ठरली नव्हती. ब्रांडच्या आधीचा प्रशिक्षक होता आर्नो एहरेट, जो स्वतः १९७८ च्या विजेत्या संघात खेळला होता. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेच सुवर्णपदक, तोच श्टेंझेल, तेच राष्ट्रीय प्रशिक्षकपद; तरीही निकाल वेगळा. जगज्जेता खेळाडू असणे ही चांगला प्रशिक्षक होण्याची हमी नव्हे, याचा पुरावा ब्रांडच्या आदल्याच पानावर आहे.

मग ब्रांडने वेगळे काय केले?

पहिली गोष्ट म्हणजे त्याने संघाची उभारणी बचावापासून केली. बदलीवर मर्यादा नसल्याने एखादा खेळाडू केवळ बचावासाठी आत आणून चेंडू मिळताच बाहेर काढता येतो, आणि त्याच्या जागी आक्रमणात तरबेज असलेला दुसरा खेळाडू पाठवता येतो. ब्रांडच्या पहिल्या पिढीत क्लाउस-डीटर पेटरसन आणि दुसऱ्या पिढीत ओलिव्हर रोगिश हे भिंतीचे मधले खांब होते. रोगिश गोल जवळपास करतच नसे. इतर खेळांत असा खेळाडू राष्ट्रीय संघात कसा, असे कुणी विचारले असते. ब्रांडच्या संघात तो अपरिहार्य होता.

भिंत आणि गोलरक्षक यांचे नाते इथे समजून घ्यायला हवे. मजबूत भिंत प्रत्येक फेक अडवत नाही. ती फेकणाऱ्याला विशिष्ट कोनातूनच फेकायला भाग पाडते. चौकटीची एक बाजू भिंतीने झाकली तर दुसऱ्या बाजूची जबाबदारी गोलरक्षकाची. चेंडू कुठून येणार हे आधीच ठाऊक असलेला गोलरक्षक मग अचाट वाटावा असा खेळतो. ब्रांडचा गोलरक्षक हेनिंग फ्रिट्झ २००४ मध्ये जगातील सर्वोत्तम हँडबॉलपटू ठरला, आणि पुरुषांमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक होता. त्यातला मोठा वाटा अर्थातच त्याच्या स्वतःच्या कौशल्याचा. तरी त्याच्यापुढच्या भिंतीलाही थोडे श्रेय द्यावे लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. ब्रांड राष्ट्रीय प्रशिक्षकपदावर १४ वर्षे राहिला. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला खेळाडू वर्षातून मोजके आठवडेच मिळतात, कारण उरलेला वेळ ते आपापल्या क्लबकडे असतात. इतक्या थोड्या वेळात भिंतीतील सहा जणांची एकमेकांशी सवय जुळवायची, तर माणसे आणि पद्धत दोन्ही वर्षानुवर्षे टिकवावी लागतात.

जवळजवळ जिंकण्याची वर्षे

१९९८ च्या युरोपीय स्पर्धेत कांस्यपदक मिळाले आणि त्यानंतर पराभूत अंतिम सामन्यांची मालिकाच सुरू झाली. २००२ च्या युरोपीय स्पर्धेत स्टॉकहोमला यजमान स्वीडनविरुद्धचा अंतिम सामना अगदी संपत आला असताना स्वीडनने बरोबरी साधली. त्यावर फ्लोरियान केरमानने रिकाम्या चौकटीत तत्काळ केलेला गोल पंचांनी मान्य केला नाही, आणि जादा वेळेत जर्मनी ३१ विरुद्ध ३३ अशी हरली. २००३ मध्ये पोर्तुगालमधील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाने जर्मनीला ३४ विरुद्ध ३१ असे हरवले.

अखेर २००४ च्या युरोपीय स्पर्धेत ल्युब्लियाना येथे यजमान स्लोव्हेनियाला ३० विरुद्ध २५ असे नमवून पहिले मोठे विजेतेपद हाती आले. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्धचा सामना दोनदा जादा वेळ देऊनही सुटेना. तो ७ मीटरच्या फेकींवर जिंकून जर्मनी अंतिम सामन्यात पोहोचली, पण तिथे पुन्हा क्रोएशियाकडून २४ विरुद्ध २६ असा पराभव झाला.

अथेन्सनंतर पेटरसन, क्रिस्टियान श्वार्त्झर, श्टेफान क्रेट्झमार, डानिएल श्टेफान, फोल्कर झेर्बे अशा एका संपूर्ण पिढीने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. २००५ च्या ट्युनिशियातील जागतिक स्पर्धेत नवखी जर्मनी पहिल्या आठांतही नव्हती. पुढची जागतिक स्पर्धा दोन वर्षांवर होती, आणि तीही स्वतःच्या देशात.

२००७: हरलेला सामना, परत बोलावलेला खेळाडू

स्पर्धेच्या पहिल्याच टप्प्यात जर्मनी पोलंडकडून २५ विरुद्ध २७ अशी हरली. त्यानंतर ब्रांडने घेतलेला एक निर्णय आजही चर्चिला जातो. निवृत्त झालेल्या ३७ वर्षांच्या श्वार्त्झरला त्याने स्पर्धा चालू असतानाच संघात परत घेतले. श्वार्त्झरही पिव्हट. गर्दीत जागा धरून ठेवण्याची कला वयाबरोबर पायांच्या वेगाइतकी लवकर ओसरत नाही, हे एका जुन्या पिव्हटइतके कोणाला ठाऊक असणार?

उपांत्यपूर्व फेरीत स्पेनवर २७ विरुद्ध २५ असा विजय मिळाला. उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळावा लागला. हँडबॉलमधील जादा वेळ प्रत्येकी पाच मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो, म्हणजे त्या संध्याकाळी दोन्ही संघ ६० ऐवजी ८० मिनिटे खेळले. जर्मनीने तो सामना ३२ विरुद्ध ३१ असा जिंकला. ४ फेब्रुवारी रोजी कोलोनच्या सुमारे १९,००० प्रेक्षकांसमोर पुन्हा पोलंडशीच गाठ पडली, आणि या वेळी निकाल २९ विरुद्ध २४ असा जर्मनीच्या बाजूने लागला. सामन्यादरम्यान फ्रिट्झ जायबंदी होऊन बाहेर गेला, तेव्हा योहानेस बिटरने त्याची जागा समर्थपणे सांभाळली. गोलरक्षक बदलला तरी समोरची भिंत तीच होती. पोलंडसारख्या संघाला अंतिम सामन्यात २४ गोलांवर रोखले गेले, हा आकडा मला जर्मनीच्या २९ गोलांपेक्षा अधिक बोलका वाटतो.

आक्षेप: घरचे मैदान आणि पंचांची कृपा?

हा आक्षेप फ्रान्समध्ये आजही घेतला जातो, आणि तो निराधार नाही. उपांत्य सामन्याच्या अगदी शेवटी फ्रान्सच्या मिकाएल गिगूने केलेला गोल पंचांनी अमान्य केला, अन्यथा सामना आणखी लांबला असता. प्रेक्षकांच्या गर्जनेचा परिणाम पंचांवर होत नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. परंतु पाच वर्षांपूर्वी स्टॉकहोमला याच प्रकारचा निर्णय याच प्रशिक्षकाच्या विरोधात, यजमानांच्या बाजूने गेला होता. एका गोलाच्या फरकाने सुटणारे सामने दैवावर सोडावे लागतात. अशा सामन्यापर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचणे तेवढे प्रशिक्षकाच्या हातात असते, आणि २००२ ते २००७ या काळात ब्रांडचा संघ पाच मोठ्या अंतिम सामन्यांत खेळला.

घरच्या मैदानाचे म्हणाल, तर १९८२ मध्ये तत्कालीन जगज्जेती पश्चिम जर्मनी स्वतःच्या देशात सातवी आली. २०१९ च्या डेन्मार्कसह भरवलेल्या जागतिक स्पर्धेत जर्मनी चौथी आली, आणि २०२४ च्या युरोपीय स्पर्धेतही पुन्हा चौथीच. त्या वेळी ड्युसेलडॉर्फच्या फुटबॉल मैदानावर भरवलेल्या उद्घाटनाच्या सामन्याला तर ५३,५८६ प्रेक्षक होते, जो हँडबॉलमधील विश्वविक्रम आहे. प्रेक्षक विजेतेपद देऊ शकत असते, तर ते त्या वर्षी मिळायला हवे होते.

आक्षेप: मग पुढे घसरण का झाली?

ब्रांडची स्तुती करणारे बरेच लेख २००७ पाशी थांबतात. हे बरोबर नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जगज्जेता संघ गटसाखळीतच बाद झाला. २०१० च्या युरोपीय स्पर्धेत तो दहावा आला आणि २०११ च्या स्वीडनमधील जागतिक स्पर्धेत अकरावा. त्याच वर्षी ब्रांडने पद सोडले, आणि त्याचा सहायक मार्टिन हॉयबेर्गर त्याच्या जागी आला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी जर्मनी पात्रही ठरली नाही.

ब्रांडचे स्पष्टीकरण असे होते की जर्मन लीग जगातील सर्वांत श्रीमंत असल्याने क्लब तयार परदेशी खेळाडू विकत घेतात आणि तरुण जर्मन खेळाडू बाकावर बसून राहतात. हा वाद तो वर्षानुवर्षे उघडपणे घालत होता. क्लबांना त्याची ही टीका अजिबात आवडत नसे, आणि त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते: पगार क्लब देतात, दुखापतीचा भार तेच सोसतात, आणि त्यांना दर आठवड्याला जिंकायचे असते. दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर असे दिसते की ब्रांडचे निदान बऱ्याच अंशी बरोबर होते, पण त्यामुळे २००७ नंतर नवी भिंत उभी राहिली नाही याची त्याची स्वतःची जबाबदारी पुसली जात नाही. २००४ नंतर त्याने दोन वर्षांत नवा संघ उभा केला होता; दुसऱ्यांदा ते त्याला जमले नाही.

पुढे जर्मनीने २०१६ ची युरोपीय स्पर्धा जिंकली ती आइसलँडच्या दागुर सिगुर्डसन या प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली, आणि २०२० पासून राष्ट्रीय संघाची धुरा आल्फ्रेड गिस्लासन या दुसऱ्या आइसलँडच्या प्रशिक्षकाकडे आली. गुमर्सबाखचा संघ तर २०१९ मध्ये इतिहासात प्रथमच अव्वल श्रेणीतून खाली घसरला आणि २०२२ मध्ये परत वर आला.

चांगला प्रशिक्षक व्हायला पिव्हटच असावे लागते का?

अर्थातच नाही. फ्रान्सचा दिदिए दिनार याने खेळाडू म्हणून जागतिक विजेतेपदे मिळवली आणि २०१७ मध्ये गिओम जिल याच्या जोडीने फ्रान्सला प्रशिक्षक म्हणूनही जगज्जेते केले. तो बचावाचाच खांब होता, त्यामुळे ते उदाहरण ब्रांडशी जुळते. पण क्लबच्या पातळीवर आज जर्मनीत ज्याचे नाव घेतले जाते तो माग्डेबुर्गचा बेनेट वीगर्ट या साच्यात बसत नाही. त्याचे वडील इंगोल्फ वीगर्ट १९८० च्या पूर्व जर्मन सुवर्णविजेत्या संघात पिव्हट होते. बेनेट स्वतः मात्र मैदानाच्या कडेने धावणारा विंगर होता. २००२ मध्ये माग्डेबुर्गने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो तरुण खेळाडू म्हणून त्या संघात होता, आणि २०२३ व २०२५ मध्ये त्याच क्लबला त्याने प्रशिक्षक म्हणून तीच स्पर्धा जिंकून दिली. त्याचा संघ चपळ, तुलनेने बुटक्या खेळाडूंच्या एकास-एक झुंजीवर खेळतो आणि समोरच्याची भिंत फोडण्यात पटाईत आहे.